निधीचा स्रोत

व्हिसाच्या फॉर्मवर एक रकाना होता :
निधीचा स्रोत.
मी लिहिलं, वडील. व्यवसाय : वाहतूक.
कसली, ते कुणी विचारलं नाही.

सावर्ड्याहून कापशेंच्या जेटीपर्यंत
दिवसाला सात खेपा, कधी नऊ.
दहा टनांचा ट्रक, कपाळावर शांतादुर्गा प्रसन्न,
पाठीवर मी : उज्वला,
पेंटरने एक ज खाल्लेली.

खाण बंद झाली तेव्हा मी सातवीत.
ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच,
आईने त्याच्यावर दोडकी चढवली.
पुढे भंगाराच्या भावाने गेला.
त्यात एका विषयाची फी निघाली :
पर्यावरण आणि न्याय.
बाकीचं कर्ज, आणि वास्कोच्या मावशीच्या पाटल्या.
वेल कापावा लागला, त्याचं आईला वाईट वाटलं.
ट्रकचं कुणाला वाटलं, ते घरात कुणी बोललं नाही.

सडबरीच्या वर्गात
डॉ. लिंडक्विस्ट उपग्रहाची चित्रं सरकवत होत्या.
चिली. झांबिया.
मग एक गंजका डाग, बाजूने नदी,
आणि नदीच्या वळणावर
मी पोहायला शिकले त्या पायऱ्या
पिक्सेलभरही नव्हत्या.
"कुणाला ओळखता येतंय?"
माझा हात मांडीवरच राहिला.
शेजारी घानाची अबेना पुटपुटली,
हा रंग आमच्याकडेही आहे.

मी निबंध लिहिला.
झरी आटल्याची वर्षं, शेतातल्या गाळाची उंची,
एकेचाळीस तळटिपा.
एकाही तळटिपेत ट्रकचा नंबर नव्हता.
ए मिळाली.

मे महिन्यात घरी आले.
टँकर मंगळवारी येतो, तो दिवस शनिवार.
बाबा सोलांना रस चोळत बसलेले.
म्हणाले, वाच गो, काय लिहिलंस ते.
मराठीत कर पण.
मी करत गेले. 'भूजल' पार पडलं, 'पुनर्भरण' पार पडलं.
'हितसंबंधी'वर अडखळले.
कोण ते?
तुम्ही, म्हटलं.
आणि खाणीचे मालक?
तेही.
एकाच शब्दात?
त्यांनी बोटांचा लाल रस पंचाला पुसला.

मग न विचारता सांगू लागले :
वरच्या वाड्याची झर दोन हजार सहाच्या शिगम्याला गेली.
तुझ्या कागदात सात आहे.
मी तिथूनच रेडिएटरला पाणी घ्यायचो,
मला ठाऊक असणार की कंपनीला?

मी पेन्सिलने सातचे सहा केले.
याची तळटीप कशी द्यायची,
ते कॉलेजच्या नियमावलीत नव्हतं.

म्हणून विषय बदलला.
सांगितलं, की आमच्या कॉलेजमागचे खडक
एकेकाळी धुराने जळून काळे पडलेले.
माझ्याएवढ्या पोरांनी सुट्टीत पोती वाहिली,
हातांनी चुना पसरला,
आणि आता तिथे पाइन आहेत, ब्लूबेरी आहे.
मी खाल्ली.

चुना? पानाला लावतात तो?
तसलाच. दगडाची पूड.
पण बाबा, आपला रोग वेगळा,
आपल्या मातीला तो

ते ऐकत नव्हते.
अंगणात चाकांचे खळगे अजून आहेत,
त्यांच्या पलीकडे, काजूंच्या माथ्यावरून दिसणारा डंप
ते डोळ्यांनी पायथ्यापासून चढत होते,
ओठ हलत होते.
"दहा टन धर," म्हणाले,
"कितल्यो खेपो जातल्यो?"