उणे पाचशे सतरा

पॉवर दिली.
स्क्रीनवर काही नाही.
म्हणजे आत काही चाललेलं नाही असं नसतं,
हे कळायला मला दोन वर्षं लागली.
आत कर्नल केव्हाचा बोलतोय,
पण ज्या तारेवरून बोलायचं
तिचा ड्रायव्हर अजून उठलेला नाही,
म्हणून तो सगळं कोपऱ्यात लिहून ठेवतो.
तोंड मिळालं की एकदम ओततो.

परसोडीचं आयटी पार्क, तिसरा मजला,
मे महिना, रात्रीचे अडीच.
कूलरमधलं पाणी संपलंय, त्याचा पंखा
झळ इकडची तिकडे करतोय नुसता.
टेबलावर तळहाताएवढा बोर्ड.
हा खाणीत लटकणार, मिथेन हुंगायला.
बटण दाबल्यापासून दोन सेकंदांत त्याला नाक हवं,
करारात तसं लिहिलंय.
आमचं नाक उगवतं अकराव्या सेकंदाला.

बोपचे विचारतो, "मॅडम, नऊ सेकंदानं काय होते जी?"
बोपचे गोंदियाचा. सोल्डरिंग असं की टाका दिसू नये,
पण जमिनीखाली कधी गेलेला नाही.
मीही नाही.

माझे बाबा सिल्लेवाड्याला लॅम्परूममध्ये होते.
पहिल्या पाळीचा भोंगा सहाला, बाबा साडेचारला.
चार्जिंगवरचा एकेक दिवा उचलायचा,
काच पुसायची, लावून बघायचा, खुंटीला नंबरावर अडकवायचा.
माणसं नंतर यायची,
पितळी बिल्ला द्यायची, दिवा घ्यायची,
आणि पिंजऱ्यात बसून खाली जायची.
बाबांना कुणी खाणकामगार म्हटलं नाही कधी.

इथेही तसंच.
सुरुवातीला सगळी दारं लावलेली,
कुणी कुणाला हाक मारायची नाही.
आधी घड्याळ. त्याच्याशिवाय तार बोलते खरी,
पण तापातल्या माणसासारखी बरळते.
मग हाका झेलणारा उठतो.
मग दारं उघडतात,
आणि मग एकेक जण, पायरीपायरीनं,
ज्याचा आधार ज्याला.

लॉग वाचते, पुन्हा वाचते.
०.९ सेकंद: सेन्सरला हाक.
तो म्हणतो, मला वीज देणारा कुठाय?
उत्तर: उणे पाचशे सतरा.
हा नकार नव्हे.
आत्ता नाही, एवढाच अर्थ.
ज्याच्यावर माझं चालतं तो आला की परत बोलवा.
आणि तो परत रांगेत जाऊन बसतो,
न चिडता. मला जमलं नसतं.

वीज देणारा, तो रेग्युलेटर, डिस्कवर झोपलेला.
डिस्क जोडली गेली, सगळं स्थिरस्थावर झालं
की यायचा निवांत, नवरदेवाच्या मामासारखा.
त्याला उचलून कर्नलच्या आतच बांधला,
रांगेत चार पायऱ्या वर चढवला.
बदललेल्या ओळी: दोन.
गेलेले आठवडे: तीन.

पॉवर दिली.
काही नाही.
काही नाही.
मग ओळींचा लोंढा, आणि त्यात मध्येच, साधेपणानं,
१.८४: सेन्सर तयार.

बोपचे ओरडला, "अरे बाप्पा!"
आणि लायटर पेटवण्याआधीच विझवून त्याचा गॅस सोडला सेन्सरपाशी,
तसा लाल दिवा लागला.
मग तो तर्री पोहे शोधायला गेला. पहाटेच्या चारला.

साडेचारला मी बाबांना फोन केला.
ते जागे असतात, अजून.
कानाचं यंत्र लावेपर्यंत थांबले,
मग म्हणाले, बोल.
मी सगळं सांगितलं, पायऱ्यांसकट.
ते हूं हूं करत राहिले.
मग म्हणाले,
"चालू करणं सोपं असते बेटा.
पाळी सुटल्यावर दिवे परत कोण मोजते तुमच्यात?
मी एकदा एक खुंटी रिकामी पाहून
दीड तास बसलो होतो."

तो माणूस आला का, हे मी विचारलं नाही.
फाईल उघडली.
ड्रायव्हरच्या अगदी शेवटी,
बोर्ड बंद होताना चालायचं फंक्शन.
नाव होतं.
आत मी काहीच लिहिलेलं नव्हतं.