दहा आणि वीस

रात्री पाठवलेलं पोचतं,
दिवसा पाठवलेलं पोचत नाही.
तीन दिवसांत एवढंच हाती लागलं,
आणि कुरुंदवाडे साहेब म्हणाले,
मॅडम, हे मेल आहे का घुबड?

शिरोलीत, फाउंड्रीच्या वरच्या मजल्यावर
मी लॉग वाचत बसलेली.
खाली ओतकाम चाललेलं,
कीबोर्डवर बारीक काळी वाळू,
ती पुसायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

स्पॅमचं फोल्डर उपसलं. डिस्क रिकामी आहे.
काळ्या यादीत आम्ही नाही.
होसूरचा सेल्वराज मात्र फोनवर ठाम:
गेलंय. तुमच्या सर्व्हरनं पोच दिलीय. अडीचशे.

अडीचशे म्हणजे 'घेतलं'.
सर्व्हरांच्या बोलीत याहून पक्का शब्द नाही,
कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यासारखा.
पण माझ्या लॉगात होसूर नाहीच.
मग घेतलं कुणी?

शेवटी, जे पहिल्या दिवशी विचारायचं
ते बाहेरच्या जगाला विचारलं:
आमची पत्रं कुठं टाकता रे?
दोन ओळींत उत्तर आलं.
दहा, शाहूपुरी.
वीस, शिरोली.

लहान आकड्याचं दार आधी वाजवायचं,
ते उघडलं नाही तरच दुसरं.
पण शाहूपुरीत कोण उघडेल?
तिथं जयंती नाल्याचं पाणी
खिडकीच्या गजांपर्यंत चढलं होतं,
टेबलं तरंगत दाराला येऊन अडकली होती,
आणि सर्व्हर भंगारात, असं मीच लिहून दिलं होतं.

इलाही मकानदारना फोन लावला.
"जुनं मशीन? हाय की!
चार दिस उन्हात ठिवलं, मग कोअरच्या भट्टीम्होरं.
झालं चालू. हजेरीचं यंत्र त्येलाच जोडलंय.
सकाळी लावतो, सांजचं बंद करतो.
उगंच बिल कशाला चढवायचं?"

मी हसले नाही. स्कूटर काढली.

तिसऱ्या गल्लीत, चिखलाचा वास अजून न गेलेल्या खोलीत
भिंतीवर पुराची रेघ,
रेघेखाली पोपडे,
आणि रेघेच्या बरंच खाली, एका स्टुलावर,
ते घरघरत होतं.

रांगेत अकराशे चौदा.
दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला 'घेतलं' म्हणायचं,
मग आतल्या एका नंबराकडे न्यायचं
जो आता कुठल्याच यंत्राचा नाही.
थोडं थांबायचं. पुन्हा न्यायचं.
संध्याकाळी इलाहीभाई बटण दाबणार,
सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

पाच दिवसांत परत का नाही पाठवली यानं?
नियम आहे तसा.
फाइल उघडली. पाचाच्या जागी तीस.
शेजारी शेरा: पूर ओसरेपर्यंत.
खाली दोन अक्षरं, वि. पा.
ती मी.

त्या रात्री इथं गुडघाभर पाण्यात उभी राहून
एकही पत्र हरवू नये म्हणून लिहिलेलं.
याने ऐकलं. अक्षरशः ऐकलं.
पूर ओसरल्याचं कुणीच याला सांगितलं नाही.

नवा नंबर दिला. रांग सोडली.
मी पत्रं वाचत नाही, तसा माझा नेम आहे,
पण विषय नजरेखालून जातातच:
दरपत्रक. पॅटर्न क्रमांक सतरा. दरपत्रक, पुन्हा.
पंप हाउसिंग, तातडीचं.
तातडीचं, स्मरणपत्र.
आणि होसूरहून, इंग्रजी लिपीत पण मराठीत,
कुणाला तरी विचारून लिहिलेलं:
Pani utarla ka?
बावीस दिवसांपूर्वीचं.

फोनवर तो एवढा भांडला,
याबद्दल एक शब्द बोलला नाही.

दहाचा वीस केला, विसाचा दहा.
पण हे सगळीकडे कळायला उद्या उजाडेल,
तोवर लोक इथलंच दार वाजवणार.
इलाहीभाई किल्ली घेऊन दारात उभे.

"आज रात्री बंद करू नका," म्हटलं.
"आणि बिल वो?"
"माझ्या नावावर टाका."