सात मिलिमीटरपर्यंत

मंगळवारी कंपनीचा मुलगा आला, कायेतान नावाचा,
बूट बर्फानं ओले, टाय मात्र कोरडा,
आणि त्यानं निळ्या कापडावर दोन हत्यारं मांडली
सोनार गिऱ्हाइकापुढे मांडतो तशी.

याचं पातं थरथरतं, म्हणाला,
सेकंदाला पंचावन्न हजार वेळा. दिसत नाही, ऐकू येत नाही,
मांसाला कळतं फक्त, आणि ते वाट देतं.
हा दुसरा आधी दाबून धरतो, मग विजेनं शिजवतो,
रक्तवाहिनीच्या दोन्ही भिंती एकमेकींत मुरतात,
आणि काम झालं की आपणहून सांगतो: टिंग.
सात मिलिमीटरपर्यंत.
छापलंय इथे.

डॉक्टर वियेचोरेकनी विचारलं, थरथरणारं निवायला किती वेळ घेतं?
कायेतानने पान उलटलं. मग परत उलटलं.
मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.
बटण सोडल्यावरही ते धुमसत राहतं,
भांडण मिटल्यावर भांडी आपटणाऱ्या माणसासारखं.
चुकून आतड्याला टेकलं तर त्या दिवशी काहीच होत नाही.
होतं ते तिसऱ्या दिवशी.
आणि शिजवणारा शेजाऱ्यालाही थोडी झळ देतो,
दोन मिलिमीटर, कधी तीन.
मानेत काम असेल तर तेवढ्यात माणसाचा आवाज जातो.

आमची जुनी पेन्सिल निदान काही लपवत नाही.
मांडीला चिकटपट्टी, पिवळं बटण, निळं बटण,
आणि धूर.
एकवीस वर्षं मी तो वास केसांतून घरी नेला.
नवरा म्हणायचा, आज काय जाळलंत?
मी म्हणायचे, जेवून घे.

माझी आई याच शहरात दोऱ्याच्या गिरणीत होती.
वूच म्हणजे होडी, आणि नदी कुठे दिसत नाही,
सगळ्या जमिनीखालून वळवलेल्या.
तुटलेला धागा ती चालत्या यंत्रात जोडायची
दोन बोटांनी, यंत्र न थांबवता.
गिरणीत आता फ्लॅट झालेत, विटा घासून लाल केल्यात.
तिनं शिकवलं ते एवढंच:
गाठ आवळताना श्वास धरायचा नाही, बोगुमिवा.

गुरुवारी रात्री यादविगा आली. वय एक्याऐंशी,
ट्रामच्या थांब्यावर बर्फात घसरलेली,
पानथरी फुटलेली, नखांना ताजा रंग.
हत्यार नवीनच, वापरून बघायला ठेवलेलं.
जबडा मिटला.
टिंग.
पातं पुढे सरकलं,
आणि एक लाल ठिपका,
आणि लगेच ठिपका म्हणता येणार नाही असं काही.

यंत्र खोटं बोललं नव्हतं.
त्याला विजेचा अडथळा मोजता येतो,
आणि ते मोजून ते मोकळं झालं.
पण म्हातारीच्या धमनीत चुना बसला होता,
जुन्या किटलीच्या तळाला बसतो तसा,
आणि चुना शिजत नाही.

डॉक्टरनी बोटानं दाबलं. मग चिमटा.
मग माझ्याकडे न बघता रिकामा तळवा पुढे केला.
शब्द काढला नाही.
तो काढायच्या आत रेशीम तळव्यावर होतं.
एक गाठ. तिच्यावर दुसरी.
तिसरी उलट्या हातानं.
कशानंच टिंग केलं नाही.
दिव्याखाली आम्ही चौघं त्या काळ्या दोऱ्याकडे बघत राहिलो,
आणि माझ्या लक्षात आलं, मी श्वास धरलाय.
आई रागावली असती.

नवीन हत्यार आम्ही घेतलं.
घ्यायलाच हवं, थायरॉइडला अर्धा तास वाचतो,
आणि अर्धा तास कमी भूल म्हणजे काय
ते म्हाताऱ्यांच्या छातीला विचारा.
कायेतानने फॉर्म पाठवला होता:
समाधान, एक ते पाच.
मी चारला गोल केला.
यादविगा सहाव्या दिवशी नर्सकडे लाली मागत होती.
खाली रकाना होता, इतर सूचना.
तिथे लिहिलं, रेशीम संपत आलंय,
दोन पेट्या पाठवा. नंतर आठवलं,
ते यांची कंपनी बनवत नाही.