मानशीची फळी

फेरीबोटीनं चोडणला आले, एम.ए.च्या प्रबंधासाठी,
प्रश्नावली प्लास्टिकच्या पिशवीत.
सांतान खाजनाच्या बांधावर, फळीला डांबर फासत.

‘उत्तरदायित्व कुणापाशी?’ मी वाचलं.
तो डबा ढवळत राहिला.
मग : ‘भरती येते की बाये,
दिवसाला दोनदा तपासायला.
रजेवर जात नाही.’
रकाना एकाच ओळीचा. अक्षर बारीक केलं.

मानधन सात महिने पणजीत अडकलंय,
हे त्यानं न विचारता सांगितलं.
साहेबाचं नाव सांगितलं तेव्हा पेन थांबलं :
आमच्याच विभागाचा. सुवर्णपदक.
भिंतीवर फोटो आहे, झेरॉक्स मशीनच्या वर.

ताळगावच्या पठारावर रात्रभर टाईप करतेय
प्रकरण चौथे, निष्कर्ष,
आणि स्पेसबारवर, दर शब्दानंतर,
अंगठ्याचा डांबरी ठसा.