शांत, पण तणावपूर्ण

कांगोहून बाबा परतले तेव्हा
ट्रंकेत गणवेशाखाली तीन वस्तू निघाल्या:
एक निळी टोपी,
ज्वालामुखीचा एक काळा दगड, भोकाभोकांचा,
आणि वही.

आईनं दगड चुलीजवळ ठेवला, टाचा घासायला.
टोपी तिनं कुणालाच घालू दिली नाही.
वही मी वाचली.

रोज एकच ओळ होती तिच्यात.
परिस्थिती शांत, पण तणावपूर्ण.
तारीख बदलायची, ओळ नाही.
मार्चातलं एकच पान कोरं,
त्यावर तारीखसुद्धा नाही.
त्या पानाचं मी दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा बाबा उठले
आणि रताळ्याचे वेल परतायला गेले,
एकदा तर ऐन दुपारी.

दूर न्यूयॉर्कात
घोड्याच्या नालेसारख्या मेजाभोवती
पंधरा देश बसतात, म्हणाले,
आणि कागदावरच्या एका शब्दासाठी रात्र जागवतात.
पाचांतल्या एकानं जरी मान हलवली
तरी कागद परत.
मग खाली, चिखलात, आमच्या हातात येतो तो आदेश:
'संरक्षण करावे.'
मराठीच्या बाईंनी विध्यर्थ शिकवला त्या दिवशी
मी घरी येऊन वाक्य म्हणून दाखवलं.
बाबा बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, करावे म्हणजे
करायचंच, का केलं तर बरं?
बाईंना विचार की.

उचगावच्या खालच्या अंगाला
लुमाण्णा आणि दुंडप्पा
एका बांधाचे, एकाच विहिरीचे.
तीन फेज यायची रात्री दोनला,
आणि पाणी कुणाचं, हे ठरायचं कुदळीनं.
लोक बाबांना बोलवायला आले:
तिकडं कांगोत थांबवलास न्हवं,
हितं थांबव की गा!

बाबांनी घरातलं स्टूल उचललं
आणि बांधावर नेऊन मधोमध बसले.
हातात काठीही नव्हती.
लुमाण्णा मराठीतून बोलायचा,
बाबा ते दुंडप्पाला कन्नडमधून सांगायचे,
आईबहीण वगळून.
दुंडप्पा कन्नडमधून बोलायचा,
ते लुमाण्णाला मराठीतून,
पुन्हा आईबहीण वगळून.
दोघांनाही दोन्ही भाषा येत होत्या,
जन्मापासून.
तरी थांबायचे, ऐकून घ्यायचे.
तेवढा वेळ कुदळ खाली असायची.

मी विचारलं, असं मिटतं का भांडण?
मिटत नाही, बाबा म्हणाले.
उजाडतं.

एक नोव्हेंबरला कोगनोळीला एसटी अडली.
एका पाटीवर कुणीतरी डांबर फासलं,
मग दुसऱ्या पाटीवर दुसऱ्या कुणीतरी.
शहरात एका रस्त्यानं लाल-पिवळे झेंडे,
दुसऱ्या रस्त्यानं काळ्या फिती,
मध्ये पोलिसांचा दोर,
आणि दोराला टेकून
शेंगा खाणारा एक कोवळा शिपाई.
दुसऱ्या दिवशी पेपरात आलं:
बेळगावात परिस्थिती शांत, पण तणावपूर्ण.
बाबांनी चहा बाजूला ठेवला.
ह्यो वार्ताहर
आमच्याच कंपनीत होता काय?

त्या दिवशी लुमाण्णा काळी फीत लावून गेला होता,
दुंडप्पाच्या पोरानं लाल-पिवळा रुमाल बांधलेला.
रात्री दोनला मात्र
दोघं एकाच मोटारीपाशी उभे,
एकाचा टॉर्च, दुसऱ्याचा पाना,
कारण फ्यूज उडाला होता.

बांधाची मोजणी अजून झालेली नाही.
सर्व्हेअर दोनदा येऊन गेला, साखळी न उघडता.
स्टूल तिथंच आहे.
मध्ये त्याचा एक पाय मोडला होता.
परवा बघते तर बाभळीचा नवा पाय,
चार खिळे, एक वाकडा.
कुणी ठोकला, दोघंही सांगत नाहीत.
बाबांनी वाकड्या खिळ्यावरून बोट फिरवलं
आणि नेहमीसारखे त्यावर बसले नाहीत.

काल रात्री तीन फेज आली.
विहिरीकडून मोठमोठ्यानं आवाज येत होते,
भाषा कळत नव्हती इतक्या लांबून.
मी दार उघडून पाहिलं.
बाबा अंथरुणात बसलेले,
निळी टोपी मांडीवर,
उठावे, की न उठावे,
कान तिकडं.