दहा मिलिमीटर

सांगाडा आला तेव्हा निळा होता.
निळ्याखाली काळा, काळ्याखाली क्रोम,
क्रोमवर गोवर उठावा तसा गंज.
सव्वीस इंची क्रूझर, सन एकोणऐंशी,
बीएमएक्सच्या चिल्ल्यापिल्ल्यांतली थोराड,
ज्यांचे गुडघे हँडलला लागू लागले होते
त्यांच्यासाठी काढलेली.

मी आधी धुते, मग मोजते, मग बोलते.
वडील गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचे,
त्यांचा क्रम उलटा,
म्हणून त्यांना गिऱ्हाइकं पुष्कळ आणि पैसे कमी.

माझं गिऱ्हाईक प्रेंटिस. सॅक्रामेंटोला दातांचा दवाखाना.
त्याला ती कारखान्यातून निघाली तशी हवी:
स्टिकर त्याच जागी, तेवढाच तिरका,
नटाच्या डोक्यावरचा शिक्कासुद्धा त्या सालचा.
भिंतीला टांगणार आहे.

मागच्या फाट्याची आतली रुंदी घेतली.
एकशे दहा भरायला हवी,
भरली एकशे वीस.
पट्टी पालटून पुन्हा घेतली.
एकशे वीस.

अपघातात लोखंड एका अंगाला कलतं.
हे दोन्हीकडे सारखं, इकडे पाच, तिकडे पाच.
म्हणजे कुणीतरी मध्ये फळी घालून,
सुतळी ताणून मध्य धरून,
दमादमानं फाकवलेलं.

मग आडव्या नळीवर पट्ट्याचा वण दिसला,
अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा.
इथे गिअरची दांडी होती.
पेडलच्या आसाची वाटी उघडली
तर चमचाभर माती. लाल.
आमच्या खोऱ्यातली माती करडी.
लाल लागते ती पूर्वेला, दीड तासावर,
जिथे रस्ता डोंगराला लागतो.

विकणाऱ्याला फोन केला.
एव्हारिस्तो माशादो, गस्टीनचा, साठी उलटलेला.
आधी गप्प. मग हसला.
"ट्रॅक सपाट केला आमचा. बदाम लावले तिथे.
मी सतरा वर्षांचा. उड्या कुठे मारू, कालव्यात?
म्हणून वर गेलो.
बहिणीच्या दहा गिअरवाल्या सायकलचा तुंबा काढला,
त्यात नवे आरे भरले.
ती अजून त्या विषयावर बोलत नाही,
म्हणजे त्याच विषयावर बोलते."

"आणि ब्रेक?"

"होते. पहिल्या वळणापर्यंत.
पुढे बूट."

तिकडे उत्तरेला, समुद्राजवळच्या डोंगरावर,
काही जण पेपर टाकणाऱ्या पोरांच्या चाळीस वर्षं जुन्या धुडांना
असंच काहीबाही करत होते तेव्हा.
उतार संपेपर्यंत मागच्या चाकातलं ग्रीस जळून धूर व्हायचा,
मग खाली बसून पुन्हा भरायचं.
एव्हारिस्तोला हे कुणी सांगितलं नव्हतं.
त्यांनाही एव्हारिस्तो कुणी सांगितला नव्हता.

"चार वर्षांनी मोडेस्टोला काचेआड पाहिली," तो म्हणाला,
"जाड टायर, रुंद हँडल, गिअर. साडेसातशे डॉलर.
माझीच की! फक्त आंघोळ घातलेली.
आणि पाटीवर नाव.
आमची बिनबारशाचीच हिंडली."

दहा मिलिमीटर मिटवायला अर्धा तास लागतो.
लांब आट्यांचा दांडा, दोन नट, थोडा धीर.
पोलाद स्प्रिंगसारखं मागे येतं,
म्हणून हवं त्याहून जास्त दाबावं लागतं.
दांडा लावला. अर्धा फेरा दिला.
मग दिवा मालवून जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी प्रेंटिसला सांगितलं.
"भिंतीवर दिसेल का?" त्यानं विचारलं.
"नाही."
बराच वेळ कुठलंतरी यंत्र घरघरत राहिलं, दातांचं असेल.
मग म्हणाला, "चढते का?"

हे मला माहीत नव्हतं.

आमच्या गावात चढ एकच, कालव्याचा पूल.
जुनं पाच गिअरचं चाक बसवलं.
दहा ठोकल्याशिवाय, तेल दिल्याशिवाय, न कुरकुरता बसलं.
संध्याकाळी पूल तीनदा केला.
तिसऱ्यांदा उतरताना चप्पल टेकवून पाहिली.

प्रेंटिस मंगळवारी येतोय.
माती औषधाच्या डबीत ठेवली आहे.
क्रोमला अजून पाठवलेली नाही.