तक्रार: पाणी गार होत नाही

मोन्तेविदेओ. ला तेहा वस्ती. जुलै, म्हणजे आमची थंडी.
चौथा मजला, लिफ्ट बंद, खांद्यावर पान्यांची पिशवी.
नेलिदाबाईंनी दार उघडलं,
हातात कडू चहाचा भोपळा, त्यात धातूची नळी.
म्हणाल्या, विल्मार, हीटर बिघडलाय.
पाणी गारच होत नाही.

बावीस वर्षं हेच काम करतोय.
पाणी तापत नाही, टाकी गळते,
नळाला हात लावला की झटका बसतो,
या तक्रारी मला तोंडपाठ.
ही नवी होती.

पाणी सोडून दिलं. साठ लिटर.
तळाशी चुन्याचा गाळ, मूठभर.
कॉइल ठीक. थर्मोस्टॅट ठीक.
मॅग्नेशियमची कांडी तेवढी उरली नव्हती:
अंगठ्याएवढी जाड असते, आता नुसती तार.
त्या खाऱ्या वर्षात, समुद्र नळात शिरला होता तेव्हा,
पुष्कळ घरांतल्या कांड्या अशाच गेल्या.
टाकी गंजू नये म्हणून ती आधी गंजते.
"कुणी सांगितलं तिला?" बाईंनी विचारलं.
मी म्हटलं, तिचं कामच ते.
बोललो आणि वाटलं, नको होतं बोलायला.

बटण किती वेळ लावता?
चाळीस मिनिटं.
एकट्याच ना?
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रिफायनरीची ज्योत.
"आधी मी जायची. केस धुवायचे असले तर जरा जास्तच.
मग ओलेगारिओ. तो आतून ओरडायचा,
नेलिदा, माझ्यासाठी अख्खी नदी ठेवलीस की!
आता मी उभी राहते, राहते,
बोटांना सुरकुत्या पडतात,
आणि शेवटपर्यंत कढत."

वीस मिनिटं पुरतील, एवढंच सांगायचं होतं.
नवी कांडी बसवली. आट्यांवर टेप गुंडाळली.
पावतीवर 'दोष' असा एक रकाना असतो,
तो रिकामा सोडला.
पैसे कांडीचेच घेतले.

रात्री घरी. आधी मुलगी, मग बायको,
मग पोरीचा तो नवा मित्र, त्याला लाज नाही.
माझी पाळी आली तेव्हा अकरा वाजून गेले होते.
साबण लावेपर्यंत ठीक. मग एकदम बर्फ.
एरवी मी दात आवळून उरकतो.
आज ओरडलो.
परत ओरडलो,
दारापलीकडे कुणीतरी हसेपर्यंत.